प्रोसेसरमधील कोअरसंख्या आणि क्लॉक स्पीड

संगणकाच्या प्रोसेसरची क्षमता सांगताना दोन आकडे प्रामुख्याने पुढे केले जातात : त्यात किती कोअर आहेत आणि त्याचा क्लॉक स्पीड किती गिगाहर्ट्‌झ आहे. जवळजवळ सारख्याच किमतीत एकीकडे अधिक कोअर व कमी क्लॉक स्पीड, तर दुसरीकडे कमी कोअर व अधिक क्लॉक स्पीड असे दोन प्रोसेसर मिळत असताना त्यांपैकी कोणता निवडावा, हा प्रश्न व्यक्तिगत संगणकाच्या ग्राहकापुढे २००५ पासून उभा आहे. केवळ प्रोसेसरकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नाही. जे काम स्वतंत्र तुकड्यांत वाटून देता येते, त्याला अधिक कोअर उपयोगी पडतात. ज्या कामाची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरासाठी थांबते, ते काम एकाच कोअरच्या वेगावर अवलंबून राहते. व्यवहारातील बहुतेक कामांत हे दोन्ही भाग मिसळलेले असतात, म्हणून त्यांचे प्रमाण काय आहे, हाच या निवडीतील निर्णायक मुद्दा ठरतो.

मूलभूत संज्ञा

प्रोसेसरच्या आतील सर्व क्रिया एका ठरावीक ठेक्यावर चालतात. हा ठेका देणाऱ्या विद्युत्-स्पंदनांची दर सेकंदाची संख्या म्हणजे क्लॉक स्पीड. ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी स्पंदनांवर चालतो. मात्र एका स्पंदनात एकच सूचना पूर्ण होते असे नाही. काही रचनांत एका स्पंदनात तीन-चार सूचना पार पडतात, तर काही वेळा एकाच सूचनेसाठी अनेक स्पंदने खर्ची पडतात. एका स्पंदनात सरासरी किती सूचना पूर्ण होतात, या प्रमाणास आयपीसी म्हणतात. एका कोअरचा खरा वेग हा क्लॉक स्पीड आणि आयपीसी यांचा गुणाकार असतो. यामुळेच दोन भिन्न रचनांच्या प्रोसेसरांची तुलना नुसत्या गिगाहर्ट्‌झवर करणे चुकीचे ठरते.

सूचना वाचून त्या स्वतंत्रपणे पार पाडू शकणारा प्रोसेसरमधील संपूर्ण विभाग म्हणजे कोअर. मराठीत त्यास गाभा असाही शब्द वापरला जातो. एका कोअरवर चालणाऱ्या सूचनांच्या सलग मालिकेस थ्रेड म्हणतात. एकाच कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय काही प्रोसेसरांत असते आणि इंटेल कंपनी तिला हायपर-थ्रेडिंग म्हणते. एक थ्रेड स्मृतीतून माहिती येण्याची वाट पाहत असताना कोअरचे रिकामे पडलेले भाग दुसऱ्या थ्रेडला वापरता यावेत, एवढाच तिचा उद्देश असतो. अशा सोयीमुळे चार कोअरचा प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमला आठ कोअरसारखा दिसतो. पण दुसऱ्या खऱ्या कोअरची बरोबरी या सोयीने होत नाही.

क्लॉक स्पीडची शर्यत

इंटेलचा ४००४ हा १९७१ मधील प्रोसेसर ७४० किलोहर्ट्‌झवर चालत असे. मार्च २००० मध्ये एएमडी कंपनीने १ गिगाहर्ट्‌झचा अ‍ॅथलॉन बाजारात आणला आणि दोनच दिवसांनी इंटेलनेही त्याच वेगाचा पेंटियम ३ जाहीर केला. म्हणजे २९ वर्षांत क्लॉक स्पीड तेराशेहून अधिक पट झाला होता. या काळात निवडीचा प्रश्नच नव्हता. कोअर एकच असे आणि नवा संगणक घेतला की जुनेच सॉफ्टवेअर, त्यात एका अक्षराचाही बदल न करता, अधिक वेगाने चालू लागे.

या प्रगतीमागील भौतिक कारण आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. ट्रान्झिस्टरचा आकार लहान केला, की त्याच प्रमाणात त्यास लागणारे व्होल्टेजही कमी करता येते. त्यामुळे त्याच क्षेत्रफळात अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवूनही एकूण उष्णता वाढत नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत हे गणित मोडले. ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाल्यावर ते बंद असतानाही त्यांतून थोडा प्रवाह गळू लागला आणि व्होल्टेज आणखी खाली आणणे कठीण झाले.

व्होल्टेजला इतके महत्त्व का, हे प्रोसेसरच्या वीजवापराच्या सूत्रावरून कळते. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी वीज क्लॉक स्पीडच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. क्लॉक स्पीड वाढवायचा तर व्होल्टेजही थोडे वाढवावे लागते. समजा, क्लॉक स्पीड २० टक्क्यांनी वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवावे लागले, तर वीजवापर १.२ × १.२१, म्हणजे सुमारे १.४५ पट होतो : वेग पाचव्या हिश्शाने वाढतो आणि उष्णता जवळजवळ निम्म्याने. हेच गणित उलटे फिरवले तर बहु-कोअर रचनेचे रहस्य हाती येते. क्लॉक स्पीड आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवता आले, तर एका कोअरला मूळच्या सुमारे ५१ टक्के वीज लागते. तेवढ्याच विजेत असे दोन कोअर बसतात आणि वाटून देता येणारे काम दोघे मिळून १.६ पट करतात.

उष्णतेची भिंत कशी आदळली, याचे ठळक उदाहरण म्हणजे इंटेलचा पेंटियम ४. नोव्हेंबर २००० मध्ये १.४ व १.५ गिगाहर्ट्‌झवर आलेल्या या प्रोसेसरची रचना मुळातच उच्च क्लॉक स्पीड गाठण्यासाठी केलेली होती. एका सूचनेचे काम अनेक छोट्या टप्प्यांत विभागले, की प्रत्येक टप्पा लवकर उरकतो आणि ठेका जलद ठेवता येतो. पेंटियम ३ मध्ये असे सुमारे १० टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये २० आणि २००४ मधील त्याच्या प्रेस्कॉट या आवृत्तीत ३१. या लांब साखळीची किंमत अशी, की पुढे कोणती सूचना लागेल याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला तर साखळीतील सगळे अर्धवट काम टाकून द्यावे लागते. परिणामी, सुरुवातीचे पेंटियम ४ कित्येक कामांत कमी गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ३ पेक्षा मागे पडत. ग्राहकाला मात्र जाहिरातीतील गिगाहर्ट्‌झच दिसे. ही समजूत खोडून काढण्यासाठी अ‍ॅपलने २००१ मध्ये ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पॉवरपीसी जी४ ची तुलना १.७ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ शी जाहीरपणे करून दाखवली. एएमडीने त्याच वर्षी क्लॉक स्पीडऐवजी स्वतःचाच एक कार्यक्षमतांक वापरण्यास प्रारंभ केला, १.५३ गिगाहर्ट्‌झचा अ‍ॅथलॉन एक्सपी '१८००+' या नावाने विकला जाई.

नोव्हेंबर २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला, आणि तेथेच थांबला. ४ गिगाहर्ट्‌झची घोषित आवृत्ती इंटेलने त्याआधी महिनाभर रद्द केली होती. कंपनीचे तत्कालीन प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल अर्ध्या विनोदाने क्षमाही मागितली. त्यानंतर १९ वर्षांनी, २०२३ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय९-१४९००के कमाल ६ गिगाहर्ट्‌झ गाठतो. एकोणीस वर्षांत दुप्पटही नाही, ही वाढ आधीच्या शर्यतीशेजारी ठेवून पाहिली म्हणजे काय घडले याची कल्पना येते. तो वेगही एक-दोन कोअर काम करत असतानाच आणि उष्णता आवाक्यात असतानाच मिळतो.

एकाहून अधिक कोअर

एकाच चकतीवर दोन कोअर असलेला आयबीएमचा पॉवर४ हा प्रोसेसर २००१ मध्ये मोठ्या सर्व्हरांसाठी आला होता. व्यक्तिगत संगणकांत ही रचना २००५ मध्ये इंटेलच्या पेंटियम डी आणि एएमडीच्या अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ यांच्यामुळे पोहोचली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये इंटेलने पेंटियम ४ ची रचनाच बाजूला ठेवून कोअर २ ड्युओ आणला. त्यातील २.६६ गिगाहर्ट्‌झचा ई६७०० हा ३.८ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ ला बहुतेक कामांत सहज मागे टाकत असे आणि वीजही कमी घेत असे.

या वळणाचा खरा भार सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर आला. हर्ब सटर यांनी २००५ मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' या नियतकालिकातील लेखाला 'फुकटचे जेवण संपले' अशा अर्थाचे शीर्षक दिले होते, ते यथार्थ होते. एका थ्रेडसाठी लिहिलेली आज्ञावली चार कोअरच्या संगणकावर आपोआप चौपट वेगाने चालत नाही. कोणते तुकडे एकाच वेळी चालवता येतील, हे लिहिणाऱ्यालाच शोधून तशी मांडणी करावी लागते.

अ‍ॅमडालचा नियम

ही मांडणी कितीही कुशलतेने केली, तरी तिला एक मर्यादा असते. आयबीएममधील संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये ती दाखवून दिली. लग्नाच्या पंगतीचे उदाहरण येथे चपखल बसते. वाढपी दोनाचे चार केले तर पाने लवकर वाढून होतात. पण भात शिजायला लागणारा वेळ वाढप्यांच्या संख्येने कमी होत नाही. वाढणे हा कामाचा वाटून देता येणारा भाग, तर शिजवणे हा क्रमाने चालणारा भाग होय.

कामाचा ९५ टक्के भाग वाटता येण्याजोगा आणि ५ टक्के क्रमाने चालणारा असेल, तर ८ कोअरवर ते काम ८ पट वेगाने होत नाही, सुमारे ५.९ पट वेगाने होते. १६ कोअरवर हा आकडा सुमारे ९.१ आणि ६४ कोअरवर सुमारे १५.४ भरतो. कोअर कितीही वाढवले तरी २० पटीच्या पुढे जाता येत नाही, कारण तो ५ टक्के भाग एकाच कोअरवर आपल्याच गतीने चालत राहतो. अधिक क्लॉक स्पीडचा लाभ मात्र क्रमाने चालणाऱ्या आणि वाटून दिलेल्या अशा दोन्ही भागांना मिळतो. म्हणून कोअरसंख्या आणि क्लॉक स्पीड यांचा नुसता गुणाकार करून दोन प्रोसेसर तोलणे फसवे असते.

या नियमाला पूरक असे प्रतिपादन जॉन गस्टाफसन यांनी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत १,०२४ प्रोसेसरांच्या यंत्रावरील अनुभवातून १९८८ मध्ये केले. अधिक प्रोसेसर मिळाल्यावर संशोधक जुनेच गणित लवकर सोडवत बसत नाहीत, ते अधिक मोठे गणित घेतात, असे त्यांचे निरीक्षण होते. हवामानाचा अंदाज करताना नकाशावरील चौकटी लहान करता येतात, त्यांची संख्या वाढते आणि वाटून देता येणारा भागही त्यांबरोबर वाढतो.

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, निवडलेला मार्ग याच विचारसरणीचा होता. अमेरिकेने भारताला हवा असलेला शक्तिशाली क्रे महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली. एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याची साधने देशात नव्हती. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये सिद्ध केला. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजारच्या प्रोसेसरांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत. एकेकटा प्रोसेसर क्रेच्या तुलनेत अगदीच मंद असला, तरी मोठे गणित वाटून दिल्यावर त्यांचा समूह प्रभावी ठरत असे.

२००७ मधील एक निवड

घरच्या संगणकाबाबत या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जुलै २००७ मध्ये घडले. इंटेलने दोन प्रोसेसरांची घाऊक किंमत एकच, २६६ डॉलर, ठेवली. एक होता कोअर २ ड्युओ ई६८५० : दोन कोअर, ३ गिगाहर्ट्‌झ. दुसरा कोअर २ क्वाड क्यू६६०० : चार कोअर, २.४ गिगाहर्ट्‌झ. दोन्हींच्या कोअरची अंतर्गत रचना एकच होती, किंबहुना क्यू६६०० मध्ये दोन-दोन कोअरच्या दोन चकत्याच एका आवरणात बसवल्या होत्या. आयपीसीचा फरक नसल्यामुळे येथे नुसत्या गणिताने बरेच काही सांगता येते.

समजा, एखाद्या कामास २.४ गिगाहर्ट्‌झच्या एका कोअरवर १०० मिनिटे लागतात आणि त्याचा ९० टक्के भाग वाटता येतो. क्यू६६०० वर क्रमिक भागाची १० मिनिटे आणि उरलेल्या ९० मिनिटांचा चौथा हिस्सा, अशी ३२.५ मिनिटे लागतील. ई६८५० वर सगळेच काम मुळात ८० मिनिटांचे ठरते. त्यातील क्रमिक भाग ८ मिनिटांचा आणि उरलेल्या ७२ मिनिटांचे दोन हिस्से, म्हणजे एकूण ४४ मिनिटे. चार कोअरची सरशी स्पष्ट आहे. पण वाटता येणारा भाग ३० टक्केच असेल, तर क्यू६६०० ला ७७.५ मिनिटे आणि ई६८५० ला ६८ मिनिटे लागतात. दोन्ही प्रोसेसर बरोबरीत येतात तो बिंदू सुमारे ५७ टक्क्यांवर पडतो. म्हणजे ज्याच्या कामाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग वाटता येतो, त्याला चार कोअर आणि इतरांना दोन. स्मृतीपर्यंतच्या मार्गाचा वेग ई६८५० मध्ये अधिक होता आणि तो या हिशेबात धरलेला नाही. तरी त्याने चित्र उलटत नाही.

त्या वेळच्या संगणकीय खेळांपैकी बहुतेक एक-दोन थ्रेडच वापरत असल्याने खेळणाऱ्यांना ई६८५० अधिक उपयोगी पडे. चित्रफितींचे रूपांतर किंवा त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग करणाऱ्यांना क्यू६६००. आणखी एक गोष्ट हौशी ग्राहकांच्या लवकरच ध्यानात आली. क्यू६६०० चा क्लॉक स्पीड मदरबोर्डवरील २६६ मेगाहर्ट्‌झच्या मूळ ठेक्याला ९ ने गुणून ठरत असे. हा ठेका ३३३ वर नेला, की चारही कोअर ३ गिगाहर्ट्‌झवर चालत. बहुतेक क्यू६६०० हा ताण सोसत आणि मग निवडीचा प्रश्नच मिटत असे. अर्थात त्यासाठी मोठा पंखा आणि वाढीव वीज यांची तयारी लागे. मूळ वेगावरही क्यू६६०० ची उष्णतामर्यादा आवृत्तीनुसार १०५ किंवा ९५ वॅट होती, तर ई६८५० ची ६५ वॅट.

दहा वर्षांनी हाच प्रसंग निराळ्या रूपात आला. २०१७ च्या प्रारंभी इंटेलचा कोअर आय७-७७००के चार कोअर आणि ४.२ गिगाहर्ट्‌झसह ३३९ डॉलरला, तर एएमडीचा रायझन ७ १७०० आठ कोअर आणि ३ गिगाहर्ट्‌झसह ३२९ डॉलरला मिळत होता. येथे रचना भिन्न असल्याने वरीलप्रमाणे साधा हिशेब मांडता येत नाही. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र बहुतेक खेळांत पहिला आणि रेंडरिंगमध्ये दुसरा पुढे राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने आय७-८७००के सहा कोअरचा करून आपल्या बाजूचा कल दाखवून दिला. संगणक पाच-सहा वर्षे वापरायचा असेल, तर त्या काळात सॉफ्टवेअर अधिक कोअर वापरण्याच्या दिशेने सरकते, हे दोन्ही प्रसंगांनंतर दिसले. तरीही उद्याच्या सॉफ्टवेअरच्या आशेवर आजच्या कामाचा वेग गमावणे प्रत्येकाला परवडणारे नसते.

कामांचे स्वरूप

चित्रफितींचे रूपांतर, रेंडरिंग, मोठ्या आज्ञावलींचे संकलन, अनेक आभासी संगणक एकाच यंत्रावर चालवणे आणि संख्याशास्त्रीय नमुने पुनःपुन्हा काढणे ही कामे कोअरांमध्ये उत्तम वाटली जातात. रेंडरिंगमध्ये पडद्यावरील एका चौकोनाचा रंग दुसऱ्या चौकोनावर जवळजवळ अवलंबून नसतो, म्हणून तेथे कोअरसंख्या जवळजवळ पुरेपूर पदरात पडते.

स्प्रेडशीटचे उदाहरण अधिक बोधक आहे. एक्सेल २००७ पासून पुनर्गणना अनेक थ्रेडवर करते. हजार विद्यार्थ्यांच्या गुणांची टक्केवारी काढायची असेल, तर प्रत्येक ओळ स्वतंत्र असल्याने सर्व कोअर कामाला लागतात. तेच रोजकीर्दीतील चालू शिल्लक काढताना प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शिलकेवर उभी असते आणि सोळा कोअर असले तरी ती साखळी एकच कोअर ओढतो. एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच फाइलमध्येही दोन्ही प्रकार आढळू शकतात.

ब्राउझर वेगवेगळी पाने वेगवेगळ्या प्रक्रियांत उघडतात, त्यामुळे पुष्कळ पाने उघडी ठेवणाऱ्यास तीन-चार कोअरचा लाभ होतो. परंतु एका पानावरील जावास्क्रिप्ट मुख्यतः एकाच थ्रेडवर चालत असल्याने ते पान किती चटकन प्रतिसाद देते हे एका कोअरच्या वेगावर ठरते. लेखन, पत्रव्यवहार आणि वाचन यांपुरता संगणक वापरणाऱ्यास चारांच्या पुढील कोअरचा फरक क्वचितच जाणवतो. त्याच्या संगणकातील जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे, हा पुष्कळदा नव्या प्रोसेसरपेक्षा स्वस्त आणि गुणकारी उपाय असतो.

खेळांबाबत मोठा बदल घडवला तो खेळयंत्रांनी. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोहोंत एएमडीचे आठ कोअर होते, पण त्यांचा क्लॉक स्पीड अनुक्रमे १.६ आणि १.७५ गिगाहर्ट्‌झ इतकाच होता. एका कोअरवर भिस्त ठेवून या यंत्रांवर मोठा खेळ चालवणे अशक्य होते. खेळ लिहिणाऱ्यांना काम वाटणे भाग पडले आणि त्याचा फायदा पुढे व्यक्तिगत संगणकांनाही मिळाला.

काम वाटता येत असूनही काही वेळा कोअर एकमेकांची वाट अडवतात. चार परीक्षकांनी उत्तरपत्रिका वाटून घेतल्या, पण गुण मात्र एकाच नोंदवहीत लिहायचे असे ठरवले, तर नोंदवहीपाशी रांग लागते. सामायिक माहितीत एका वेळी एकाच थ्रेडने बदल करावा, यासाठी सॉफ्टवेअरमध्ये अशीच कुलुपे घातलेली असतात. पायथन या भाषेच्या मूळ कार्यान्वयनात तर एक सर्वव्यापी कुलूप आहे : एका प्रक्रियेत कितीही थ्रेड असले तरी पायथनच्या सूचना एका वेळी एकच थ्रेड चालवू शकतो. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत हे कुलूप नसलेली प्रायोगिक आवृत्तीही उपलब्ध झाली. दुसरा अडथळा स्मृतीचा. मुख्य स्मृतीतून माहिती येण्यास १०० नॅनोसेकंद लागले, तर ४ गिगाहर्ट्‌झच्या कोअरची तेवढ्यात ४०० स्पंदने वाया जातात. अशा कामात अधिक क्लॉक स्पीड आणि अधिक कोअर दोन्ही निष्प्रभ ठरतात. तेथे मोठी कॅश मेमरी उपयोगी पडते.

आपले काम कोणत्या जातीचे आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिममधील टास्क मॅनेजरसारख्या साधनाने कळू शकते. हायपर-थ्रेडिंग नसलेल्या चार कोअरच्या संगणकावर काम चालू असताना प्रोसेसरचा एकूण वापर बराच वेळ २५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहिला, तर ते काम बहुधा एकाच थ्रेडचे असते. ऑपरेटिंग सिस्टिम तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असल्याने सर्वच कोअर थोडेथोडे व्यग्र दिसतात आणि पाहणाऱ्याची फसगत होते.

विक्रीच्या पत्रकावरील आकडे

२००८ अखेरीस आलेल्या पहिल्या कोअर आय७ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत टर्बो बूस्ट ही सोय आहे. एएमडीनेही २०१० मध्ये तशीच सोय आणली. थोडेच कोअर काम करत असतील, तर उरलेल्या विजेवर त्यांचा क्लॉक स्पीड तात्पुरता वाढवला जातो. या सोयीने मूळ निवडीची धार बरीच बोथट केली : अधिक कोअरचा प्रोसेसरही एका थ्रेडच्या कामात चांगली गती गाठू लागला. मात्र पत्रकावर ठळकपणे छापलेला आकडा हा टर्बोचा असतो. वर उल्लेखलेल्या आय९-१४९००के चे ६ गिगाहर्ट्‌झ आणि त्याच्याच मोठ्या कोअरचा ३.२ गिगाहर्ट्‌झ हा पायाभूत क्लॉक स्पीड, यांत मोठे अंतर आहे. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकण्यास जागा नसल्याने दीर्घ कामात हे अंतर विशेष जाणवते.

कोअरची संख्याही सरळ राहिलेली नाही. एएमडीचा एफएक्स-८१५० हा प्रोसेसर २०११ मध्ये आठ कोअरचा म्हणून विकला गेला, पण त्यात दोन-दोन कोअरमध्ये अपूर्णांक-गणिताचा विभाग सामायिक होता. त्यास आठ कोअर म्हणावे की नाही, यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये तो १ कोटी २१ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. २०२१ अखेरीस आलेल्या इंटेलच्या कोअर आय९-१२९००के मध्ये सोळा कोअर आहेत; त्यांतील आठ मोठे व वेगवान, तर आठ लहान व काटकसरी आहेत. मोबाइल फोनांत ही मिश्र पद्धत त्याआधीच रूढ झाली होती.

फोनच्या बाजारातील 'ऑक्टा-कोअर' या शब्दाचे आकर्षण तर विलक्षण आहे. २०१३ मध्ये मीडियाटेकचा एमटी६५९२ आठ कोअरचा म्हणून गाजला; ते सर्व आर्मच्या कॉर्टेक्स-ए७ या लहान, स्वस्त रचनेचे होते. त्याच वर्षीच्या आयफोन ५एस मधील अ‍ॅपल ए७ मध्ये दोनच कोअर होते आणि त्यांचा क्लॉक स्पीडही १.३ गिगाहर्ट्‌झच होता. नामसाधर्म्य असले तरी या दोन ए७ चा परस्परांशी संबंध नाही. एका थ्रेडच्या कामात अ‍ॅपलचा प्रोसेसर पुष्कळ पुढे होता. कोअरसंख्या आणि क्लॉक स्पीड हे दोन्ही आकडे कमी असूनही तो वेगवान ठरला, याचे मुख्य कारण त्याची उच्च आयपीसी.

सर्व्हर आणि परवाना शुल्क

सर्व्हरवर एकाच वेळी शेकडो स्वतंत्र विनंत्या येत असल्याने तेथे अधिक कोअर हा स्वाभाविक पर्याय वाटतो. एएमडीच्या एपिक मालिकेतील ७७४२ या २०१९ मधील प्रोसेसरात ६४ कोअर असून त्यांचा पायाभूत क्लॉक स्पीड २.२५ गिगाहर्ट्‌झ आहे. असे असूनही कंपनीने पुढच्याच वर्षी ७एफ५२ हा १६ कोअरचा, ३.५ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर बाजारात आणला. त्याची उष्णतामर्यादा २४० वॅट, म्हणजे ६४ कोअरच्या ७७४२ च्या २२५ वॅटपेक्षाही अधिक आहे.

इतकी वीज खर्चूनही अशा प्रोसेसराला ग्राहक मिळतात, याचे एक कारण तांत्रिक नसून व्यापारी आहे. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर या विदासंच-प्रणालीचा परवाना २०१२ च्या आवृत्तीपासून आणि विंडोज सर्व्हरचा २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरच्या संख्येवर आकारण्यास सुरुवात केली. एसक्यूएल सर्व्हर २०१२ च्या एंटरप्राइज आवृत्तीचा दर प्रति कोअर सुमारे ६,९०० डॉलर होता. त्या दराने १६ कोअरसाठी सुमारे १ लाख १० हजार डॉलर, तर ६४ कोअरसाठी सुमारे ४ लाख ४० हजार डॉलर भरावे लागतील. प्रोसेसरची स्वतःची किंमत यापुढे किरकोळ ठरते. म्हणून विदासंच चालवणाऱ्या संस्था आधी गरजेपुरते कोअर ठरवतात आणि मग तेवढ्या कोअरमध्ये मिळेल तितका अधिक क्लॉक स्पीड आणि मिळेल तितकी मोठी कॅश मेमरी शोधतात.